अकरावीच्या वर्गात सिनेमा

यवतमाळ जिल्ह्यातल्या तेलंगटाकळी या गावात कापसाचा एक हंगाम पेरणीपासून वेचणीपर्यंत चित्रित करून मिखा पेलेड या दिग्दर्शकाने 'बिटर सीड्स' हा माहितीपट केला. तो २०११ मध्ये जगापुढे आला. त्यात गावातली एक तरुण मुलगी आहे. तिच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे, तिला पत्रकार व्हायचं आहे आणि वही-पेन घेऊन ती शेतकऱ्यांना प्रश्न विचारत हिंडते. हा माहितीपट परदेशातल्या महोत्सवांत आणि विद्यापीठांत पाहिला गेला, त्यावर चर्चा झाल्या. त्याच सुमाराला दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९) आणि नंदन सक्सेना व कविता बहल यांचा 'कॉटन फॉर माय श्राउड' (२०११) हे विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यांवरचे माहितीपट आले. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा कथापटही २००९ चाच. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे तर त्याआधीपासून येतच होते. महाराष्ट्रातल्या फार थोड्या ग्रामीण जिल्ह्यांवर इतके कॅमेरे रोखले गेले असतील. आणि याच जिल्ह्यात यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयांत त्या मुलीच्या वयाची मुलं-मुली शिकतात, त्यांना कॅमेरा काय करतो हे कोणत्याही तासाला शिकवलं जात नाही. आपलं गाव पडद्यावर कसं मांडलं गेलं, कुणी मांडलं, काय चौकटीत घेतलं आणि काय बाहेर ठेवलं, हे विचारायची पद्धत त्यांच्या हाती कुणी दिलेली नाही. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत चित्रपट हा स्वतंत्र, पूर्ण गुणांचा अभ्यासविषय असावा आणि त्यावर मुंबई-पुण्याइतकाच, किंबहुना थोडा अधिक, यवतमाळसारख्या जिल्ह्याचा हक्क आहे, असं माझं म्हणणं आहे.

आज काय आहे ते आधी पाहू. राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' असा एक पाठ आहे. मराठी चित्रपटाच्या आरंभाची ओळख मुलांना तिथे होते. अकरावीला हा धागा तुटतो. अकरावीच्या मराठी 'युवकभारती'त साहित्यप्रकार म्हणून नाटक आहे, बारावीच्या पुस्तकात कथा आहे. इंग्रजीच्या पुस्तकांत अकरावीला नाटक, बारावीला कादंबरी. उपयोजित मराठीत सूत्रसंचालन आहे, मुद्रितशोधन आहे, रेडिओजॉकी आहे, ब्लॉगलेखनही आहे. म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळाला नव्या माध्यमांचं वावडं मुळीच नाही. पण गेल्या शंभर वर्षांत मराठी माणसाने सर्वांत जास्त पाहिलेली, ऐकलेली, जिच्यासाठी रांगा लावल्या ती कला या पुस्तकांत अभ्यासाचा विषय म्हणून येत नाही. माध्यमिक शाळांत 'मीडिया अँड एंटरटेनमेंट' हा कौशल्यविषय काही ठिकाणी आहे. केंद्रीय मंडळाकडे अकरावी-बारावीसाठी 'मास मीडिया स्टडीज' आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे 'मास कम्युनिकेशन' आहे. या सगळ्यांचा रोख नोकरीकडे किंवा एकूण माध्यमांकडे आहे. पश्चिम बंगालमध्ये मात्र बारावीच्या बंगाली विषयात बंगाली चित्रपटांचा इतिहास भाषेच्या आणि संस्कृतीच्या अभ्यासाचा भाग म्हणून आला. आपल्याकडे तेवढंही झालेलं नाही, आणि हे फाळक्यांच्या राज्यात.

चित्रपटाचा अभ्यास म्हटलं की दोन गैरसमज लगेच पुढे येतात. एक, मुलांना कॅमेरा चालवायला शिकवायचं. दुसरा, धडा संपल्यावर त्यावरचा सिनेमा दाखवायचा. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण मी ज्याबद्दल बोलतो आहे तो विषय वेगळा आहे. 'फॅन्ड्री'मधलं एक दृश्य घ्या. नायक जब्याच्या घरचे लोक पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून शाळेच्या भिंतीसमोरून नेत आहेत. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. दृश्यात कुणी भाषण करत नाही, संवादातून काही समजावून सांगितलं जात नाही. भिंत स्थिर आहे आणि तिच्यासमोरून माणसं ओझं घेऊन जातात, एवढंच. तरी त्या काही क्षणांत नागराज मंजुळे यांनी शाळा, समाजसुधारणा आणि जात यांच्याबद्दल एक पूर्ण युक्तिवाद केलेला आहे. तो कशातून झाला? कॅमेरा किती अंतरावर उभा आहे, किती वेळ थांबतो, कोणती चित्रं आधी दिसतात, माणसं चौकटीत कुठून येतात आणि कुठे जातात, यांतून. गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठाच्या परिसरात वाढणाऱ्या मुलाला ही भिंत ओळखीची वाटेल, पण ओळखीचं वाटणं आणि तिचा अर्थ कसा घडवला गेला हे सांगता येणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर अभ्यासाने कापावं लागतं. 'पथेर पांचाली'त हरिहर परत येतो, त्याच्या बायकोला, सर्वजयेला, रडू फुटतं आणि तिचा आवाज ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. रडणं ऐकू आलं असतं तर काय झालं असतं? सतरा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी ते दृश्य पुन्हा दोनदा पाहायला लावलं, की अभ्यास सुरू झाला. त्यासाठी लागते ती लक्ष देण्याची शिस्त आणि आपण पाहिलं ते नेमक्या शब्दांत लिहिण्याची सवय. कवितेच्या रसग्रहणात आपण याच दोन गोष्टी मागतो.

गंमत अशी की पाठ्यपुस्तकांनी याचे दरवाजे आधीच उघडून ठेवले आहेत, फक्त आत कुणी जात नाही. अकरावीच्या मराठीत नाटक या साहित्यप्रकारात प्रशांत दळवींच्या 'ध्यानीमनी'चा उतारा आहे. त्याच नाटकावर चंद्रकांत कुलकर्णी यांनी २०१७ मध्ये चित्रपट केला. जो मुलगा प्रत्यक्षात नाहीच, त्याच्याभोवती आईने उभारलेलं जग हा नाटकाचा गाभा. रंगमंचावर नसलेला माणूस प्रेक्षक मनाने पाहतात, ती रंगभूमीची जुनी ताकद आहे. कॅमेऱ्यापुढे मात्र दिग्दर्शकाला प्रत्येक दृश्यात ठरवावं लागतं की रिकामी खुर्ची दाखवायची, तिच्याकडे पाहणारा चेहरा दाखवायचा, की आईला दिसतं तेच प्रेक्षकालाही दाखवायचं. दोन माध्यमांतला फरक समजवायला याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही. अकरावीच्याच इंग्रजीत इब्सेनच्या 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल'चा भाग आहे. सत्यजित राय यांनी त्यावर १९८९ मध्ये 'गणशत्रू' केला आणि नॉर्वेतल्या स्नानगृहांच्या दूषित पाण्याच्या जागी बंगालमधल्या देवळाचं चरणामृत आणलं. एवढ्या एका बदलाने नाटकातला नगरपालिकेचा आणि पैशांचा प्रश्न श्रद्धेच्या प्रश्नाशी जोडला गेला. बारावीच्या इंग्रजीत 'टू सर, विथ लव्ह' ही कादंबरी आहे, तिच्यावरचा १९६७ चा चित्रपट जगभर पाहिला गेला. म्हणजे तीन पाठांपासून सुरुवात करायला नवा अभ्यासक्रमसुद्धा लागत नाही.

आता यवतमाळच्या मुलांसाठी सर्वांत महत्त्वाच्या असलेल्या चित्रपटांकडे येतो. 'बिटर सीड्स' पाहून प्रेक्षकाच्या मनात एक साखळी तयार होते: बीटी बियाणं, वाढता खर्च, सावकार, नापिकी, आत्महत्या. भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ मध्ये. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कारणं काय, त्यांत बियाण्याचा वाटा किती, सिंचनाचा, पतपुरवठ्याचा, बाजारभावाचा किती, यावर अर्थतज्ज्ञांत आणि कृषितज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. माहितीपट हा वाद कसा हाताळतो? एका कुटुंबाचा एक हंगाम निवडला की सगळ्या गुंतागुंतीला एक कथानक मिळतं. प्रेक्षकाला ते हलवून सोडतं, पण त्याच वेळी काही कारणं ठळक होतात आणि काही मागे जातात. माहितीपट खोटा आहे असं यातून मुळीच निघत नाही. प्रत्येक माहितीपट निवड करतो, आणि ती निवड ओळखता येणं ही नागरिकाची गरज आहे. हा अभ्यास करायला तेलंगटाकळीच्या शेजारच्या गावातल्या मुलांइतकं योग्य कोण आहे? त्यांना बोंडअळी माहीत आहे, पीककर्ज माहीत आहे, कॅमेऱ्याने काय टिपलं नाही हेही माहीत आहे.

'गाभ्रीचा पाऊस'कडे त्याच वर्गाने वळावं. शेजारी आत्महत्या झालेली आहे आणि अलकाला धास्ती आहे की आपला नवराही तेच करेल. ती नवऱ्याला गोडधोड करून घालते, पोराला त्याच्या मागावर ठेवते. ज्याच्यावर पाळत आहे तो किसना मात्र पावसाची वाट पाहत पेरणीच्या काळजीत आहे. हा विषय आपण वर्तमानपत्रात आकड्यांत वाचतो आणि दूरचित्रवाणीवर हुंदक्यांत पाहतो. मनवर यांनी त्यात विनोद आणला, तोही क्रूर न होता, कारण इथला विनोद भीतीतून आणि प्रेमातून येतो. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या तोंडची वऱ्हाडीही ऐकण्यासारखी आहे. मराठी पडद्यावर वऱ्हाडी बहुतेकदा हसवण्यापुरती आली, इथे ती दुःखाची आणि रोजच्या संसाराची भाषा झाली. तिसरं उदाहरण 'शेरनी'चं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात अवनी या वाघिणीला गोळी घालण्यात आली. तेरा माणसांच्या मृत्यूंसाठी तिला जबाबदार धरलं गेलं होतं. २०२१ मध्ये अमित मसुरकर यांचा 'शेरनी' आला. तो कल्पित कथा म्हणूनच सादर झाला आणि चित्रीकरण मध्य प्रदेशात झालं, तरी पांढरकवडा-राळेगावच्या माणसाला तो पाहताना अवनी आठवल्याशिवाय राहत नाही. जंगलालगतच्या गावकऱ्याची भीती, वन खात्याची अडचण, शिकाऱ्याचा तोरा, वन्यजीवप्रेमींचा संताप यांतलं काय चित्रपटात आलं, कुणाच्या नजरेतून आलं आणि कुणाची नजर जागाच मिळवू शकली नाही, हा दहा गुणांचा उत्तम प्रश्न आहे. त्याचं उत्तर गाइडमध्ये छापता येणार नाही.

साहित्याच्या अंगानेही यवतमाळचा हक्क आहे. १९७३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. गदिमा कवी होते, गीतकार होते, तसेच ते मराठी चित्रपटाचे मोठे पटकथाकार होते. बर्लिन महोत्सवात १९५८ मध्ये गौरवला गेलेल्या शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथा त्यांची. मराठी साहित्यविश्वाने एका पटकथाकाराला आपल्या सर्वोच्च व्यासपीठावर बसवलं, पण पटकथा हा साहित्यप्रकार मानून तो वर्गात शिकवायला त्याच साहित्यविश्वाने कधी जोर लावला नाही. कवी म्हणून गदिमा शिकवले जातात, पटकथाकार म्हणून नाही. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं संमेलन पुन्हा यवतमाळला आलं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेल्यावर उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर उभ्या राहिलेल्या या बाईंनी 'तेरवं' या नाटकात काम केलं होतं. ज्यांच्यावर कॅमेरे रोखले जात होते त्यांच्यातल्याच काही स्त्रिया स्वतःची गोष्ट स्वतः मांडू लागल्या, हे या जिल्ह्यात प्रत्यक्ष घडलेलं आहे. मांडण्याची ही ताकद योगायोगावर सोडायची की शिक्षणाने वाढवायची, एवढाच प्रश्न उरतो.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: मुलं आधीच दिवसरात्र मोबाइलवर पाहत असतात, आता वर्गातही तेच? मराठी मुलं घरी जन्मापासून मराठी बोलतात, तरी आपण त्यांना बारा वर्षं मराठी शिकवतो आणि ते कुणाला विचित्र वाटत नाही. भरपूर पाहणं हेच तर अभ्यासाचं कारण आहे. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये जुना व्हिडिओ नव्या आवाजावर चढवून एखाद्या गावात तणाव पसरवता येतो. त्या वेळी 'हा आवाज या दृश्याचाच आहे का, कट कुठे मारला आहे' असं विचारणारी मुलं गावात असणं हा सार्वजनिक सुरक्षिततेचा भाग आहे. हा प्रश्न विचारायची सवय व्याख्यानाने लागत नाही, दृश्य तुकड्या-तुकड्याने सोडवून पाहिल्यावर लागते.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि मी त्याला हलकं मानत नाही. कोरडवाहू शेती करून पोराला शहरात खोली घेऊन शिकवणाऱ्या बापाला नीट, सीईटी, पोलीसभरती या शब्दांचा अर्थ कळतो. चित्रपट शिकून पोटाला काय मिळणार, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. पण अकरावी कला शाखेत आज मुलं इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र घेतात तेव्हा आपण हा प्रश्न विचारत नाही, कारण ते विषय विचार शिकवतात असं आपण मानलेलं आहे. चित्रपट त्याच रांगेतला विषय आहे. शिवाय राज्य मंडळाच्या विषययादीत चित्रकला आहे, कलेचा इतिहास आणि रसग्रहण आहे, संगीत आहे. या कलांना जागा देणाऱ्या मंडळाने चित्रपटाला ती नाकारण्याला तात्त्विक आधार नाही. पोटापाण्याचंच बोलायचं तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पदव्युत्तर प्रवेशाला पदवी लागते. मुंबई-पुण्याच्या मुलाला तोवर फिल्म सोसायट्या, महोत्सव, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आजूबाजूला मिळतं. प्रभात चित्र मंडळ मुंबईत १९६८ पासून आहे. घाटंजीच्या किंवा झरी जामणीच्या मुलाचा या विषयाशी पहिला संबंध प्रवेशपरीक्षेच्या अर्जातच येतो. स्पर्धा तिथेच असमान होते. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला फिल्म स्टडीज घेता येतं, फ्रान्समध्ये बाकालोरियासाठी सिनेमा हा विषय निवडता येतो, आणि आपल्याकडे हीच सोय आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या महागड्या शाळांत आहे. सधन घरांच्या मुलांना जे उपलब्ध आहे ते सरकारी अनुदानावरच्या कनिष्ठ महाविद्यालयात चैन कसं ठरतं?

गावातल्या मुलांना जागतिक सिनेमा झेपणार नाही, असं कुणी उघड म्हणत नाही, पण मनात पुष्कळांच्या असतं. याचं उत्तर कर्नाटकात मिळालेलं आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या सुपारीबागांच्या गावात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम या संस्थेने १९७३ मध्ये फिल्म सोसायटी काढली. शेतकरी, शेतमजूर, शिक्षक, गृहिणी यांनी तिथे राय, कुरोसावा, डी सिका यांचे चित्रपट पाहिले आणि त्यांवर आपल्या भाषेत चर्चा केली. सतीश बहादूर यांच्यासारखे फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक तिथे शिकवायला गेले. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो गावाला कमी न लेखण्याच्या याच कामासाठी. यवतमाळात तर याला आणखी एक अंग आहे. इथल्या वर्गात घरी कोलामी, गोंडी, गोरमाटी किंवा तेलुगू बोलणारी मुलं प्रमाण मराठी बोलणाऱ्यांच्या शेजारी बसतात. छापील उताऱ्यापुढे ही मुलं एक पाऊल मागून सुरुवात करतात. पडद्यावरच्या दृश्यापुढे सगळा वर्ग एका रेषेवर उभा असतो, आणि लिहिण्याची वेळ येते तेव्हा प्रत्येकाकडे सांगण्यासारखं स्वतःचं काही जमा झालेलं असतं. भाषाशिक्षकांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

साधनांचा आणि शिक्षकांचा आक्षेप मला त्या मानाने सोपा वाटतो. पुष्कळ महाविद्यालयांत प्रोजेक्टर आहे, पडदे लावून खोली काळोखी करता येते. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामाचा भाग म्हणून, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुरते असतील, तर चित्रपट दाखवणं हा भंग ठरत नाही. प्रत मात्र रीतसर मिळवलेली हवी. वयाची काळजी असेल तर २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए १६+' अशी वर्गवारी आलेली आहे, निवडीला ती पुरते. शिक्षक नवे नेमावे लागणार नाहीत. मराठी, इंग्रजी, इतिहासाच्या शिक्षकांना पुण्याच्या उन्हाळी रसास्वाद अभ्यासक्रमाला पाठवता येईल. हा अभ्यासक्रम फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय अनेक दशकं चालवत आली आहेत. मराठीत वाचायला काही नाही अशी तक्रारही टिकत नाही. अरुण खोपकरांच्या 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका'ला चित्रपटविषयक पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'चलत् चित्रव्यूह'ला २०१५ चा साहित्य अकादमी. दृश्यावर मराठीत किती नेमकं लिहिता येतं याचा हा पुरावा शिक्षकाच्या टेबलावर असावा.

मला खरोखर अडवणारा आक्षेप एकच आहे. आपली परीक्षापद्धती या विषयाची वाट लावेल. 'फॅन्ड्री'तल्या भिंतीचे पाच अर्थ असलेली गाइडं बाजारात येतील, मुलं चित्रपट न पाहताच ती पाठ करतील, आणि ज्या गोष्टीवर त्यांचं प्रेम होतं तिचाही कंटाळा येईल. कवितेचं असं झालेलं आपण पाहतो आहोत. तसंच होणार असेल तर हा विषय न आलेला बरा, असं मी मान्य करतो. म्हणून मूल्यमापन आधी ठरवावं आणि पाठ्यपुस्तक नंतर. इंग्लंडच्या एका प्रचलित ए-लेव्हल अभ्यासक्रमात ७० टक्के भार लेखी परीक्षेला आणि ३० टक्के विद्यार्थ्याच्या स्वतःच्या निर्मितीला आहे. आंतरराष्ट्रीय बाकालोरियात विद्यार्थी चित्रपटातला पाच मिनिटांपर्यंतचा उतारा निवडून त्यावर १,७५० शब्दांपर्यंत लिहितो. आपल्या मंडळाला विज्ञानात ७०-३० ची आणि भाषेत ८०-२० ची विभागणी ओळखीचीच आहे. लेखी प्रश्नपत्रिकेत पूर्वी न दाखवलेलं तीन मिनिटांचं दृश्य परीक्षाकेंद्रावर तीनदा दाखवावं आणि त्यावरच लिहायला सांगावं. गाइडवाल्याचा धंदा तिथे बसतो. उरलेल्या तीस गुणांत मुलांनी आपल्या परिसरातली एक गोष्ट मोबाइलवर चित्रित करावी, जिनिंगची, आठवडी बाजाराची, तांड्यावरच्या तीजेची, आणि कोणता भाग का कापला याचं दोन पानी टिपण जोडावं. त्या टिपणाला चित्रीकरणापेक्षा जास्त गुण असावेत, म्हणजे महागडा फोन असलेल्याचा फायदा होणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधल्या भिंती सैल करायला सांगितलं आहे, राज्याचा अभ्यासक्रम आराखडा २०२४ मध्ये आला, आणि त्यानुसार अकरावी-बारावीची पुस्तकं नव्याने लिहावी लागणार आहेत. पूर्ण विषय सुरू व्हायला वेळ लागेल हे उघड आहे. तोवर मराठीच्या नव्या 'युवकभारती'त साहित्यप्रकार म्हणून पटकथेचा एक विभाग घालणं बालभारतीच्या हातात आहे. त्यासाठी नवं पद, नवी खोली, नवं अनुदान यांतलं काहीही लागत नाही. अमरावती विभागीय मंडळाने जिल्ह्यातली पाच-सहा कनिष्ठ महाविद्यालयं निवडून दोन वर्षं हा विभाग प्रयोग म्हणून शिकवून पाहावा. त्यातलं एक झरी जामणीचं आणि एक मारेगावचं असावं, सगळी यवतमाळ शहरातली नसावीत. प्रयोगाचा अहवाल लिहिताना शिक्षकांबरोबर मुलांच्या वह्याही मागवाव्यात.